सैनिकांना त्यांच्या त्यागाच्या मानाने योग्य पगार मिळतो का?

तुम्ही विचारलंय की सैनिकांना त्यागाच्या मानाने योग्य पगार मिळतो का, आणि खाली लिहिलंय की धाकटा भाऊ भरतीची तयारी करतोय म्हणून विचारताय. मी स्वतः फौजी नाही, पण माझे मिस्टर मराठा लाइट इन्फन्ट्रीत १७ वर्षं होते, २००२ ला बेळगावला ट्रेनिंगला गेले आणि २०१९ ला नायक या हुद्द्यावरून पेन्शन आले. लग्न २००७ चं. तेव्हापासून घरातला एकूण एक रुपया माझ्या हातून गेलाय, त्यामुळे या प्रश्नाचं उत्तर मी वहीतून देऊ शकते, नुसतं भाषणातून नाही.

आधी खरं ते सांगते. पगार वाईट नाही. आमचं गाव खटाव तालुक्यात, दुष्काळी भाग, २००३ ला तर जनावरं छावणीला नेलेली, त्या गावात दर एक तारखेला खात्यावर पैसे जमा होणारी घरं म्हणजे मास्तरांची आणि मिलिटरीवाल्यांची, बस. सहाव्या वेतन आयोगाच्या फरकाचे पैसे आले त्यात आम्ही बोअर मारली, पाणी लागलं, आजही त्यावरच कांदा निघतो. सातव्या आयोगानंतर नवीन जवानाचं बेसिक २१,७०० झालं, वर महागाई भत्ता, रेशन, कपडा, कॅन्टीन, रेल्वेचं वॉरंट (फुकट प्रवासाचा कागद), दवाखाना. बारावी झालेल्या पोराला एवढं बाहेर कुठली कंपनी देत नाही. त्यामुळे "जवानांना काहीच मिळत नाही" असं कुणी म्हणालं की मला ते पटत नाही, कारण त्याच पैशावर आमचं घर उभं राहिलंय.

पण तुम्ही "त्यागाच्या मानाने" असं विचारलंय ना, तर पगाराच्या स्लिपवर त्यागाचा खरंच एक वेगळा रकाना असतो. मिलिटरी सर्व्हिस पे. घरापासून लांब राहणं, चोवीस तास हुकमात असणं, जिवाचा धोका, जे दुसऱ्या सरकारी नोकरीत नसतं त्याचे हे पैसे. सहाव्या आयोगात जवानाला महिन्याला २,००० होते, सातव्यात ५,२०० झाले. मी एकदा बसून भागाकार केला, दिवसाला १७३ रुपये पडतात. आणि साहेब लोकांना १५,५००. अधिकाऱ्यांचा पगार जास्त असावा, शिक्षण जास्त, जबाबदारी जास्त, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही, पण हा रकाना पगाराचा नाहीच, हा त्रासाचा आहे, मग एकाच बंकरमध्ये एकाच थंडीत बसलेल्या दोघांच्या त्रासात तिप्पट फरक कसा पडतो हे मला अजून कुणी समजावून सांगितलेलं नाही.

सियाचीनचंही तसंच. हे २०१४ च्या हिवाळ्यात तीन महिने वर पोस्टला होते, तेव्हा जवानाला महिन्याला १४,००० भत्ता होता. जुलै २०१७ पासून तो ३०,००० केला, अधिकाऱ्यांना ४२,५००. वाढवला हे चांगलंच केलं. खाली उतरल्यावर सुट्टीला आले तेव्हा गालाची कातडी काळी पडून सोललेली, वजन अकरा किलो उतरलेलं, आणि मुलगी चार वर्षांची, ती त्यांना ओळखेना, माझ्या पदरामागे लपली. हे हसले आणि ट्रंक उघडून तिच्यासाठी आणलेले अक्रोड काढून बसले. काळी पत्र्याची ट्रंक, त्यावर पांढऱ्या रंगात नंबर आणि नाव, ती आजही आमच्या घरात आहे, आता त्यात धान्य ठेवते. ३ फेब्रुवारी २०१६ ला तिथंच सोनम पोस्टवर हिमकडा कोसळला आणि १० जवान गेले, त्यात आपल्या साताऱ्याच्या माण तालुक्यातला एक पोरगा होता. त्या दिवशी हे पुण्यात होते, तरी माझे हात थरथरत होते.

२०१३ च्या जानेवारीत सासूबाई गेल्या. हे काश्मीरमध्ये कुपवाड्याला. निरोप युनिटला पोचला, साहेबांनी लगेच सुट्टी दिली, त्यात कुणाची चूक नाही, पण बर्फाने रस्ता बंद, मग कॉन्व्हॉय सुटला तो जम्मूपर्यंत, तिथून झेलम एक्सप्रेसमध्ये दीड दिवस जनरल डब्यात उभं राहून पुणे, तिथून एसटी. सहाव्या दिवशी पोचले. अग्नी धाकट्या दिरांनी दिला, राख सावडून झालेली होती. हे दारात आले, बॅग खाली ठेवली आणि सासूबाई जिथं झोपायच्या त्या खाटेवर जाऊन बसले, कुणाशी बोलले नाहीत. आता याचे किती पैसे द्यावेत, आणि दिले तरी घेणार कोण? म्हणून पगारात हे बसवायचा प्रयत्नच मी सोडून दिला. माझं भांडण पगाराशी नाहीच.

माझं भांडण आहे ते नोकरी संपल्यावर काय होतं त्याच्याशी. हे छत्तीसाव्या वर्षी पेन्शन आले. सासऱ्यांना अर्धांगवायू झालेला, दोन मुलं, मी एकटी, म्हणून यांनी स्वतःहून अर्ज केला. आता तुम्ही टीव्हीवर वन रँक वन पेन्शन (ओआरओपी) ऐकलं असेल, म्हणजे सारखी रँक, सारखी नोकरी, तर पेन्शनही सारखी, माजी सैनिकांनी किती वर्षं मागणी केली, २०१५ ला जंतरमंतरवर बसले, मग नोव्हेंबरात ऑर्डर निघाली आणि १ जुलै २०१४ पासून लागू धरलं. पण त्याच ऑर्डरमध्ये आहे की यापुढे जो स्वतःच्या विनंतीवर बाहेर पडेल त्याला ओआरओपी नाही. म्हणजे आजारी बापासाठी घरी आला तो माणूस यातून बाहेर! पेन्शन मिळते, ती शेवटच्या पगाराच्या निम्मी, पण दर पाच वर्षांनी बाकीच्यांची नव्याने ठरते तशी यांची ठरणार नाही. यांना हे कागदावर सही करताना माहीत होतं की नाही मी कधी विचारलं नाही.

पेन्शन बसली १८,७५०. निम्मी विकली, म्हणजे तेवढी महिन्याची पेन्शन सोडून बदल्यात एकरकमी पैसे घेतले, कारण घर पडायला आलेलं, त्याचे दहा लाखाच्या आसपास मिळाले, घर झालं. विकलेली निम्मी पंधरा वर्षांनी परत चालू होते, म्हणजे आमची २०३४ ला. तोपर्यंत हातात सुरुवातीला महागाई भत्ता धरून किती तर साडेबारा हजार. छत्तीस वर्षांचा माणूस, पोरं तिसरी-पाचवीत, खर्चाची खरी वर्षं आता सुरू होणार आणि पगार थांबला. तुमच्या बँकेतल्या क्लार्कला याच वयात प्रमोशन मिळतं, तो साठाव्या वर्षापर्यंत पगार घेतो. फौजीचं वय सरकारला तरुण लागतं हे मान्य, म्हातारी फौज कुणालाच नको, पण मग तरुणपण घेतलंय त्याचा हिशोब नीट करा ना. केंद्राच्या नोकऱ्यांत गट क मध्ये १० टक्के आणि गट ड मध्ये २० टक्के जागा माजी सैनिकांना राखीव आहेत, यांनी तीन परीक्षा दिल्या, एकवीस वर्षांच्या पोरांशेजारी बसून गणितं सोडवली, नाही जमलं. आता पुण्यात एका सोसायटीच्या गेटवर सिक्युरिटी आहेत, बारा तास ड्युटी, महिन्याला दोन सुट्ट्या, एजन्सी दर दोन महिन्यांनी पगार अडकवते. ८१ एमएम मॉर्टारची अख्खी टीम सांभाळलेला माणूस रजिस्टरमध्ये गाडीचे नंबर लिहितो. कामाची लाज नाही, यांनाही नाही आणि मलाही नाही, पण मला वाईट वाटतं ते वाटतंच.

मॉर्टारवरून आठवलं, यांना डाव्या कानाने कमी ऐकू येतं. इतकी वर्षं कानाशेजारी फायर. बाहेर पडताना मेडिकल बोर्ड बसलं, त्यात १५ टक्के अपंगत्व लिहिलं. तेव्हाचा नियम असा की २० टक्के किंवा जास्त असेल आणि नोकरीमुळे झालंय असं लिहिलं असेल तरच डिसॅबिलिटीचे पैसे, आणि गंमत समजू नका पण २० ला पोचलात तर ते राउंड करून ५० धरायचे, म्हणजे १९ ला शून्य आणि २० ला ५०. पाच टक्क्यांसाठी वकील करून ट्रायब्युनलला, म्हणजे सैनिकांच्या कोर्टात, जायचं का यावर आमच्या घरात सहा महिने चर्चा झाली, शेवटी मुलीच्या क्लासची फी भरली आणि तो विषय बंद केला.

आणि याहून मोठी गोष्ट म्हणजे माणूस कसा गेला यावर मागच्यांचं आयुष्य ठरतं. आमच्या भागात दोघीजणी आहेत. एकीचा नवरा एलओसीवर गेला, तिला लिबरलाइज्ड फॅमिली पेन्शन, म्हणजे शेवटचा पगार जेवढा तेवढी पेन्शन, शिवाय सरकारची एकरकमी मदत, प्रसंगाप्रमाणे ती २५ ते ४५ लाख असते, रस्त्याला नाव दिलं, दरवर्षी कार्यक्रम होतो. मिळायलाच पाहिजे, त्यात एक पैसा जास्त नाही. दुसरीचा नवरा सुट्टीवर घरी आलेला, पहाटे छातीत दुखलं, दवाखान्यात नेईपर्यंत संपलं. चौदा वर्षं नोकरी, त्यातली निम्मी उंचावर. पण घरी गेला, म्हणून साधी फॅमिली पेन्शन, पहिली दहा वर्षं शेवटच्या पगाराच्या निम्मी आणि नंतर ३० टक्के. तिने अर्ज केला की हा आजार नोकरीमुळे झालाय, कागद परत आला. सुप्रीम कोर्टाने २०१३ लाच सांगितलंय की भरतीच्या वेळी मेडिकलला आजाराची नोंद नसेल तर नोकरीत झालेला आजार नोकरीमुळेच झाला असं धरायचं, पण हे तिला कोण सांगणार, ती आता शाळेत पोषण आहार शिजवायला जाते. दोघी संक्रांतीला माझ्याकडे येतात. मी दोघींना सारखंच वाण देते.

बीएसएफ, सीआरपीएफवाल्यांचं तर अजून अवघड. पुलवामाला ४० जवान गेले, त्यात आपल्या बुलढाण्याचे दोघे, सगळा देश रडला, पण १ जानेवारी २००४ पासून लागलेल्या या लोकांना जुनी पेन्शन नाही, एनपीएसमध्ये टाकलं, म्हणजे पगारातून कापून बाजारात गुंतवलेल्या पैशांवरची पेन्शन. सैन्याला जुनी पेन्शन राहिली. लोकांना हा फरकच माहीत नाही.

आता तुमच्या भावाचं, म्हणजे अग्निवीर, चार वर्षांसाठीची भरती. माझा पुतण्या पहिल्या बॅचला लागलाय म्हणून आकडे पाठ आहेत. पहिल्या वर्षी महिना ३०,००० पण त्यातले ३० टक्के सेवा निधीत कापून हातात २१,०००, चौथ्या वर्षी ४०,००० आणि हातात २८,०००. चार वर्षांनी सरकारचा वाटा आणि व्याज धरून सुमारे ११.७१ लाख. शंभरातली पंचवीस पोरं पुढे ठेवणार, बाकीची घरी. पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही. नोकरीत काही बरंवाईट झालं तर ४८ लाखाचा विमा आणि ड्युटीमुळे गेला असेल तर वर ४४ लाख, रक्कम मोठी दिसते, पण आईबापाला महिन्याला येणारी फॅमिली पेन्शन नाही. खेड्यात एकदम आलेले पैसे कसे जातात मला माहितीये, भावकी, जमीन, लग्नं, पाच वर्षांत उरत नाही, महिन्याला येणारे दहा हजार मात्र म्हातारपण काढतात. माझ्या मते योग्य-अयोग्यचा प्रश्न इथं सगळ्यात मोठा आहे. पुतण्याला मी सांगितलंय की फॉर्म भरलास ते बरंच केलंस, पण तिथं असतानाच बाहेरून पदवी पूर्ण कर.

तुमच्या भावाला नको म्हणू नका. ज्याला जायचंय तो जातोच, आमचे गेलेच होते. फक्त घरच्यांनी कागदाकडे लक्ष द्या. दर मेडिकलची, दर ॲडमिटची झेरॉक्स घरी मागवून फाईलला लावा, साधी सर्दी असली तरी. पुढे लग्न झालं, मूल झालं की पार्ट टू ऑर्डर, म्हणजे त्याची नोंद फौजेच्या रेकॉर्डला करणारा कागद, निघाली का ते त्याला विचारा, आणि त्यात बायकोचं नाव, स्पेलिंग, जन्मतारीख आधार कार्डाप्रमाणेच आहे का बघा, आमच्या मुलीच्या तारखेत एका आकड्याची चूक होती ती दुरुस्त करायला दीड वर्ष गेलं, आणि ते पण हे जिवंत, धडधाकट असताना. नॉमिनी कोण ते बघा. अजून काही विचारायचं असेल तर विचारा, दुपारी मी मोकळी असते.