सीपॅप घेऊन कोकणात जाताना

सीपॅप म्हणजे झोपेत श्वास अडणाऱ्यांना मास्कमधून दाबाने हवा देणारं मशीन. ते घेऊन ठाण्याहून रात्रीची कोकणकन्या पकडणार असाल तर डब्यातल्या सॉकेटवर विसंबू नका. रात्री ११ ते पहाटे ५ चार्जिंग पॉइंट बऱ्याचदा बंद ठेवतात, आणि नेमकी तीच झोपेची वेळ. बॅटरी हवीच. आधी अ‍ॅडॉप्टरवरचं ‘आउटपुट’ वाचा, १२ व्होल्ट की २४, आणि पिनही जुळते का ते घरी लावून बघा. बॅटरीवर ह्युमिडिफायर (हवा ओलसर करणारा भाग) आणि गरम होणारी नळी बंद ठेवा, सगळ्यात जास्त वीज तेच खातात. विमानात बॅटरी हातातल्या बॅगेतच, १०० वॉट-अवरपर्यंत. १२ व्होल्ट गुणिले ८ अँपिअर-अवर म्हणजे ९६ वॉट-अवर.

ह्युमिडिफायरची पाण्याची टाकी मात्र निघण्यापूर्वी रिकामी करून, पुसून बॅगेत वेगळी ठेवा. मशीन आडवं झालं की उरलेलं पाणी आत शिरतं आणि मोटर जाते. गावी विहिरीचं पाणी टाकीत घालू नका, क्षारांचा पांढरा थर बसतो; डिस्टिल्ड वॉटर न्या. एक्स्टेंशन बोर्डही घ्या, जुन्या घरात सॉकेट कॉटपासून लांबच असतो.

‘एक रात्र नाही लावलं तर काय बिघडतं?’ असं घरचे म्हणतील. ऐकू नका, दुसऱ्या दिवशी गाडी तुम्हीच चालवणार असाल तर मुळीच नाही, डुलकी लागू शकते.