पाणी गोठते, रक्त साकळते

नाशिकला जीवरसायनशास्त्र शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीने विचारले आहे की, फायब्रिनोजेन हे रक्तातले प्रथिन ओळखणाऱ्या आणि फ्लुओरेसंट रंग जोडलेल्या अँटिबॉडीला, म्हणजे प्रतिपिंडाला, मराठीत ‘रक्त गोठवणारे स्फुरदयुक्त प्रतिपिंड’ म्हणता येईल का. म्हणता येणार नाही.

स्फुरद म्हणजे फॉस्फरस. नत्र, स्फुरद, पालाश ही त्रयी निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्षबागाईतदाराला तोंडपाठ असते आणि ‘स्फुरदयुक्त’ म्हटल्यावर त्याच्या डोळ्यांपुढे खताचे पोतेच उभे राहील. अशा प्रतिपिंडाला बहुधा जोडतात त्या फ्लुओरेसीनमध्ये स्फुरद नसतोच. ते सुमारे ४९५ नॅनोमीटरचा निळा प्रकाश शोषून सुमारे ५२० नॅनोमीटरचा हिरवा प्रकाश देते आणि निळा झोत बंद केला की तेही तत्क्षणी विझते. दुसऱ्या प्रकाशामागोमाग उजळणारे ते ‘अनुदीप्त’, एवढे पुरे.

मला खरा त्रास होतो तो ‘गोठवणारे’ या शब्दाचा, जो हल्ली रुग्णालयापासून वर्गापर्यंत सर्वत्र ऐकू येतो. एक तर हे प्रतिपिंड रक्ताचे काहीच करत नाही, ते केवळ फायब्रिनोजेनला जाऊन चिकटते. दुसरे म्हणजे गोठणे हे थंडीचे काम आहे. निफाडला पारा उतरला की दव गोठते आणि ऊन चढताच त्याचे पुन्हा पाणी होते. तूप थिजते, तेही चुलीपाशी पातळ होते. रक्त मात्र साकळते. गुडघा आपटून काळानिळा झाला की घरातली वडीलधारी माणसे ‘रक्त साकळलंय’ म्हणतात, ‘गोठलंय’ म्हणत नाहीत.

‘साकळणे’ हे संकलनातून, म्हणजे गोळा होण्यातून आले, असे सांगून व्युत्पत्तीकार मोकळे होतात. मला ते मुळीच मान्य नाही. शृंखलेचे प्राकृतात ‘संकला’ झाले आणि मराठीत ‘साखळी’बरोबर ‘साकळ’ही नांदली, कडीत कडी अडकणे हाच साकळण्याचा मूळ अर्थ, असे माझे आग्रहाचे मत आहे. ध्वनीच्या वाटेने दोन्ही व्युत्पत्ती जुळतात, असा आक्षेप येईल. मग निवाडा अर्थाने करावा. संकलन धान्याचेही होते, पण धान्याची रास बोटाने विस्कटते, तर रक्ताची गुठळी उचलली की सबंध उचलली जाते. थ्रॉम्बिन हे विकर, म्हणजे एन्झाइम, फायब्रिनोजेनचे लहान तुकडे कापून टाकते, त्यातून झालेले फायब्रिनचे रेणू एकमेकांत अडकून तंतू विणतात आणि रक्त साकळवणाऱ्या घटकांपैकी तेरावा घटक (फॅक्टर XIII) त्या तंतूंना पक्के टाके घालतो. ही साखळी नव्हे तर काय? ज्यांनी हा शब्द रुळवला त्यांच्याजवळ सूक्ष्मदर्शक नव्हता, पण गुठळीची ती धरून राहण्याची चिवट वृत्ती त्यांच्या हाताला नक्कीच जाणवली असणार.

तेव्हा ‘फायब्रिनोजेन ओळखणारे अनुदीप्त प्रतिपिंड’ असे लिहावे, आणि प्रबंधात जिथे जिथे ‘रक्त गोठवणारी प्रथिने’ आले असेल, तिथे ‘रक्त साकळवणारी प्रथिने’ अशी दुरुस्ती करावी.