‘संप’ आणि दोन ‘हरताळ’

पुण्याच्या एका विद्यार्थिनीनं विचारलं आहे: ‘एक मेच्या प्रदर्शनासाठी आम्ही फलक रंगवतोय. एकावर "संप म्हणजे काम संपवणे" असं लिहिलंय. हे बरोबर आहे का? आणि हरताळ हा संपाचाच प्रतिशब्द का?’

रंग वाळायच्या आत विचारलंत, बरं झालं. संपाचा अर्थ संपवण्यातून आलेला नाही. शेजारच्या गुजरातीत संप म्हणजे एकी, मेळ. ‘संप त्यां जंप’ अशी तिकडे म्हणच आहे: एकी तिथे स्वस्थता. आपल्या शब्दाच्या पोटातही तीच एकी आहे. कामगारांनी एकविचारानं काम थांबवलं आणि त्या एकविचाराचं नाव थांबण्याला पडलं. म्हणून तर संप ‘फुटतो’. नुसतं थांबलेलं काम कसं फुटेल? फुटते ती एकी.

याचं मला सर्वांत बोलकं वाटणारं उदाहरण गिरणीतलं नाही, वस्तऱ्याचं आहे. पुण्यात सुरू झालेलं ‘दीनबंधू’ हे वृत्तपत्र पुढे मुंबईहून चालवणारे सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं 1890 मध्ये मुंबईत नाभिकांचा संप झाला. विधवांचं केशवपन आम्ही करणार नाही, एवढाच निर्धार. धंदा काही संपवला नव्हता. वस्तरा धारेचा होता, गिऱ्हाईकं होती. फक्त एका कामाला कुणीच हात लावायचा नाही, असं सगळ्यांचं ठरलं होतं. त्या ठरण्याला संप म्हणायचं. अलिबागजवळच्या चरीत नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी 1933 ते 1939 खोतांच्या जमिनी कसल्या नाहीत, तेही असंच. रान समोर पडीक दिसत असताना एकानं जरी नांगर घातला असता तरी बाकीच्यांच्या उपासाला अर्थ उरला नसता.

माझं लहानपण पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांच्या पट्ट्यात गेलं. आमच्या चाळीत ‘संपावर’पेक्षा ‘संपात’ जास्त कानावर यायचं. जिन्यात भेटणारी बाई आईला विचारायची, ‘तुमचे हे संपात आहेत ना?’ आई ‘हो’ म्हणाली की ती आत जाऊन वाटीभर साखर घेऊन यायची. त्या ‘-त’ प्रत्ययात घरात असावं तसं आत असणं होतं. वर्तमानपत्रांतला ‘संपाचा फटका’ वाचला की मला ती वाटी आठवते आणि शब्दाचं किती नुकसान झालंय ते जाणवतं.

आता हरताळ. हा हाट आणि ताळं यांचा जोडशब्द: बाजाराला कुलूप. म्हणजे हरताळ दुकानदाराचा, संप कष्टकऱ्याचा. क्रियापदंही वेगळी, संप करतात, हरताळ पाळतात. 22 जुलै 1908 ला टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली तेव्हा मुंबईत दोन्ही घडलं. बाजारांनी हरताळ पाळला, गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला. लेनिननं त्या संपाची दखल घेतली, ती कामगारवर्ग राजकारणात उतरला म्हणून.

पण ‘तत्त्वाला हरताळ फासणे’ यातला हरताळ निराळाच. तो संस्कृत हरिताल, एक पिवळं खनिज. पोथी लिहिताना अक्षर चुकलं की लेखनिक त्यावर हरताळाचा लेप द्यायचे, कारण तो कागदाच्या पिवळसर रंगात मिसळून जाई. पुण्यात एका जुन्या संग्रहात मी अशी पोथी पाहिली आहे. ओळीच्या मधोमध बोटाच्या पेराएवढा पिवळा डाग होता आणि पान तिरपं धरलं की खालचा काना अजून दिसत होता. खोडण्यासाठी फासायचा तो हा हरताळ. बाजाराच्या कुलपाशी त्याचा संबंध नाही. उच्चार जुळला एवढंच.

तेव्हा हरताळ हा संपाचा प्रतिशब्द म्हणून देऊ नका. फलकावर ‘संप म्हणजे एकी’ लिहा. जागा असेल तर खाली वस्तऱ्याचं चित्र काढा आणि 1890 हे साल टाका.