कमी खर्चात इलेक्ट्रिक गिटार घरच्या कॉम्प्युटरवर कशी रेकॉर्ड करावी?

गिटारची केबल थेट लॅपटॉपच्या माइकच्या जॅकला जोडू नका. गिटारच्या पिकअपला (तारांची कंपनं टिपणाऱ्या भागाला) साधारण १ मेगाओहम इम्पिडन्सचं (विद्युत-अडथळ्याचं) इनपुट लागतं. माइक जॅकचं त्या मानाने फारच कमी असतं, म्हणून आवाज दबका आणि बोदा येतो. त्यामुळे पैसे घालायचेच तर ऑडिओ इंटरफेसवर, म्हणजे गिटारचा सिग्नल कॉम्प्युटरमध्ये नेणाऱ्या डबीवर घाला. बेहरिंगर यूएम२सारखा छोटा, इन्स्ट्रुमेंट इनपुट असलेला इंटरफेस पुरेसा आहे. सेकंडहँडही चालेल, फक्त तुमच्या विंडोजसाठी ड्रायव्हर मिळतो का ते आधी बघा.

अँप मात्र आत्ता घेऊ नका. न्यूरल अँप मॉडेलर हे अँपचा आवाज कॉम्प्युटरवरच काढणारं प्लगइन (रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये चालणारा जोड-प्रोग्रॅम) फुकट आहे आणि खरंच उत्तम आहे. अँपचं मॉडेल नुसतं हेडचं (स्पीकरशिवायच्या अँपचं) असेल, तर त्यापुढे स्पीकर कॅबिनेटची आयआर फाइल (त्या स्पीकरच्या आवाजाचा ठसा) लावाच, नाहीतर डिस्टॉर्शन माशीसारखं भुणभुणतं. रेकॉर्डिंगला रीपर हे सॉफ्टवेअर घ्या, ६० दिवस मोफत वापरता येतं.

वाजवल्यावर आवाज उशिरा येतोय? एएसआयओ (आवाजाचा उशीर कमी ठेवणारा) ड्रायव्हर निवडून बफर (कॉम्प्युटर एका वेळी हाताळतो तो आवाजाचा तुकडा) १२८ सॅम्पलवर आणा. ४८ किलोहर्ट्झला एवढा बफर जेमतेम २.७ मिलिसेकंदांचा असतो. गेन (इनपुटची पातळी) इतकाच ठेवा, की जोरात वाजवलं तरी मीटर उणे १२ डेसिबलच्या आसपास थांबेल. घरघर येत असेल तर चार्जर काढून बॅटरीवर रेकॉर्ड करून बघा.