पेरलेला, पेरलेली, पेरलेलं

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र परवा मिळालं. वनस्पतींची लॅटिन नावं पाठ होतात, पण शेवटी कुठं ‘अस’, कुठं ‘आ’ आणि कुठं ‘अम’ लागतं ते कळत नाही, घोकून परीक्षा निघेल, मग लॅटिनसाठी वेळ घालवू का, असं तू विचारलंस. घालव. मी ज्या वाटेनं गेलो ती सांगतो, तुला त्यातलं जे पटेल ते घे.

एम.एस्सी.ला असताना सुट्टीत गावी आलो होतो. अमळनेरपासून आमचं गाव जवळ. पारावरच्या पिंपळाची फांदी घेतली, रद्दीत दाबून वाळवली, हर्बेरियमच्या, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहाच्या, जाड कागदावर दोऱ्यानं टाचली आणि खाली वळणदार अक्षरात लिहिलं, ‘फायकस रिलिजिओसस’. फायकस ‘अस’वर संपतं, म्हणजे विशेषणही ‘अस’वर संपणार, असा माझा हिशेब. सरांनी शेवटच्या अक्षरांभोवती लाल वर्तुळ काढलं आणि म्हणाले, “रोमन माणसाला झाड बाई वाटायचं. रिलिजिओसा लिही.” एवढंच बोलून ते पुढच्या कागदाकडे वळले. मी मात्र तिथंच अडकलो. उंबर फायकस रेसिमोसा का, याचंही उत्तर त्या एका वाक्यात होतं, आणि मी दोन वर्षं ते नुसतं घोकत आलो होतो.

पुढं मुंबईला गेलो तेव्हा फोर्टातल्या फुटपाथवर केनेडींचं शालेय लॅटिन मिळालं, 1888 साली सुधारून निघालेल्या पुस्तकाची एक जुनी छपाई. इंग्लंडातल्या पोरांच्या पिढ्या त्यावर शिकल्या. तुला मुद्दाम सांगतो, मुखपृष्ठावर नाव वडिलांचं असलं तरी त्या सुधारित पुस्तकामागचं बरंच काम त्यांच्या मुलींचं, मॅरियन आणि जूलियाचं होतं. त्यांची नावं तिथं असायला हवी होती. माझ्या प्रतीत आधीच्या कुणा मुलानं दीर्घ स्वरांवर पेन्सिलीनं पुन्हा पुन्हा आडव्या रेघा ओढल्या होत्या, काही ठिकाणी कागद फाटेपर्यंत.

त्या रेघांनी मला वाट दाखवली. आठवीत ‘देवः देवौ देवाः’ म्हटलेला मुलगा मी, म्हणून लॅटिनचे तक्ते वहीत देवनागरीतच उतरवले. ‘मनुस’ म्हणजे हात आणि ‘मनूस’ म्हणजे हाताचा. रोमन लिपीत दोन्ही सारखेच दिसतात, रेघ असेल तरच फरक कळतो. आपल्या लिपीत तो उकारातच आहे. ऱ्हस्व-दीर्घासाठी शाळेत छड्या खाल्ल्या होत्या, त्यांचं सोनं झालं असं तेव्हा वाटलं. तूही तसंच कर. उच्चार इंग्रजी वळणाचा शिकवतील, ‘सटायव्हा’ म्हणतील. परीक्षेत तसं म्हण, वहीत मात्र ‘सतीवा’ लिही.

रात्रीची लाईट असायची तेव्हा कपाशीला पाणी द्यायला मी मोटरीपाशी बसायचो. कंदिलाच्या उजेडात ‘मेज’ या अर्थाच्या शब्दाची रूपं मोठ्यानं म्हणायचो, मेन्सा, मेन्साम, मेन्साए. दादांनी एकदा बांधावरून विचारलं, “हाई कसानी पूजा से रे?” मी सांगितलं, जुनी भाषा आहे, हिच्यात शेतकऱ्याला ‘अग्रिकोला’ म्हणतात. त्यांनी तो शब्द दोनदा तोंडात घोळवला आणि बारं द्यायला गेले. हा शब्दही गमतीचा आहे बघ. रूप सगळं आपल्या ‘रमा’सारखं चालतं, पण लिंग पुरुषाचं. चांगला शेतकरी म्हणायचं तर ‘अग्रिकोला बोनुस’, ‘बोना’ नाही. पिंपळाचं बरोबर उलट. शब्दाचं शेपूट पाहून लिंग ठरवायचं नाही, लिंग पाहून विशेषणाचं शेपूट ठरवायचं. मला हे कळायला एक पीक गेलं.

आता तुझ्या प्रश्नाचा गाभा. ‘सतीवुस’ हे विशेषण घे, तुझं ‘अस’ आणि ‘अम’ लॅटिन उच्चारात ‘उस’ आणि ‘उम’ होतं. पेरणे या अर्थाच्या क्रियापदावरून आलेलं, म्हणजे रानातलं नव्हे, माणसानं लावलेलं. केशर हे क्रोकस सतीवुस, भात ओरायझा सतीवा, लसूण अ‍ॅलियम सतीवुम. आता आपल्या अंगणात उभी राहून म्हण, पेरलेला हरभरा, पेरलेली ज्वारी, पेरलेलं बी. काय वेगळं आहे? इंग्रजी बोलणाऱ्या पोराला विशेषण बदलतं हेच आधी पटवावं लागतं. हिंदीवाल्याला नपुंसकलिंग नवं. तुझ्या तोंडात तिन्ही लिंगं दूधपित्या वयापासून आहेत. मिरी पायपर नायग्रम आणि काळी मोहरी ब्रासिका नायग्रा. कांद्यावर काजळी धरते ती बुरशी अ‍ॅस्परजिलस नायजर. काळं, काळी, काळा. कपाशी गॉसिपियम हिर्सुटम, कारण गॉसिपियम नपुंसक आणि हिर्सुटम म्हणजे केसाळ. कपाशीच्या कोवळ्या शेंड्यावर अंगठा फिरवून बघ, मग ते नाव कधी विसरायची नाहीस.

संस्कृतवर फार भिस्त ठेवू नकोस, तिथं मी फसलो. लॅटिनला द्विवचन नाही. तृतीयाही वेगळी नाही, तिचं काम पंचमी उरकते. आणि ‘अस-आ-अम’च्या पलीकडे दुसरा एक गट आहे, पुल्लिंगी-स्त्रीलिंगी दोन्हींना ‘इस’, नपुंसकाला ‘ए’. म्हणून वड फायकस बेंगालेन्सिस आणि आलं झिंजिबर ऑफिसिनाले. नावांपुरते हे दोन गट आणि षष्ठी एवढं पुरतं, बाकीचं व्याकरण सावकाश होऊ दे.

तुझे मित्र म्हणतात की आता नव्या जातीचं वर्णन इंग्रजीतही चालतं. खरं आहे, 2012 पासून चालतं. पण 1935 सुरू झाल्यापासून 2011 संपेपर्यंत, 77 वर्षं, नव्या वनस्पतीचं वर्णन लॅटिनमध्ये दिल्याशिवाय नाव ग्राह्यच धरत नव्हते. नावांची ही पद्धत रूढ करणाऱ्या लिनियसचा 1753 चा मूळ ग्रंथही लॅटिनच. उद्या सातपुड्यात तुला एखादं गवत सापडलं आणि ते आधीच कुणी नोंदवलंय का हे पाहायचं झालं, तर मूळ वर्णन तुझं तुला वाचता यायला हवं. दुसऱ्यानं केलेल्या सारांशावर वनस्पती ओळखू नये, असं माझं ठाम मत आहे. आणि वर्णन कोणत्याही भाषेत असो, नाव अजून लॅटिनच्याच नियमानं चालतं. विशेषणाचं लिंग जुळलं नाही तर ते दुरुस्त केलं जातं, जसा माझा पिंपळ दुरुस्त झाला.

एक खाचखळगा सांगून ठेवतो. कांदा अ‍ॅलियम सेपा. अ‍ॅलियम नपुंसक, मग सेपा ‘आ’वर कसं? कारण सेपा विशेषण नाहीच, रोमन लोकांचा कांद्यासाठीचा तो शब्द आहे. नामाशेजारी नाम बसलं की ते आपलं लिंग सोडत नाही.

केनेडींची प्रत बांधून ठेवली आहे. रविवारी ये आणि घेऊन जा. भरिताची वांगी आली आहेत, काकू कळण्याच्या भाकरी करणार आहे. येताना वांग्याचं नाव वहीत लिहून आण, सोलॅनम मेलोंजेना. सोलॅनम नपुंसक आहे. मग ते मेलोंजेनम का नाही, हे जेवायला बसण्याआधी मला सांग.

तुझा,
सर