वर्गात समजलेलं आठवड्यात विसरतात. मेंदूविज्ञान इथे नेमकं कसं वापरायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुंबईत मराठी माध्यमाची शाळा, आठवीचं विज्ञान, वर्गात ५५ मुलं, ३५ मिनिटांची तासिका. शिकवताना सगळे माना डोलावतात, आठवड्याने विचारलं की कोरे चेहरे. प्रशिक्षणात मेंदूची रंगीत चित्रं पाहिली, पण वर्गात करायचं काय?

चित्रं आधी बाजूला ठेवा. हिप्पोकॅम्पस (मेंदूतला स्मरणाशी निगडित भाग) कुठे असतो हे कळल्याने तास सुधारत नाही. शिक्षकाच्या कामाचं बहुतेक ज्ञान स्मरणावरच्या साध्या कागद-पेन्सिलीच्या प्रयोगांतून आलंय. ‘दृश्य, श्राव्य, कृतिशील’ असे मुलांचे गट पाडून प्रत्येकाला त्याच्या पद्धतीने शिकवायला सांगितलं असेल तर तेही सोडा. मानसशास्त्रज्ञ पॅशलर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये सगळे पुरावे तपासले, तेव्हा अशा जुळवणीला पुरेसा आधार मिळाला नाही. काही मुलं ‘डाव्या मेंदूची’, काही ‘उजव्या मेंदूची’ हेही त्याच पंगतीतलं.

एकच गोष्ट बदलायची तर तासाची पहिली सहा मिनिटं बदला. उजळणी म्हणून तुम्ही पुन्हा सांगू नका, मुलांना पुस्तक मिटून आठवून लिहू द्या. रोडिगर आणि कार्पिक यांच्या २००६ च्या प्रयोगात काही विद्यार्थ्यांनी उतारा दोनदा वाचला, काहींनी एकदा वाचून मग आठवेल ते लिहून काढलं. पाच मिनिटांनी पुन्हा वाचणारे पुढे होते, ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्याने चित्र उलटलं: वाचणारे ४२, लिहिणारे ५६. तुमच्या वर्गातल्या डोलणाऱ्या माना म्हणजे पाच मिनिटांनंतरचा आकडा.

कृती अशी. हजेरी सुरू असतानाच फळ्यावर चार प्रश्न: एक कालचा, एक मागच्या आठवड्यातला, दोन महिन्याभरापूर्वीच्या धड्यांचे. मुलं वहीच्या मागच्या पानावर लिहितात, तीन मिनिटं, बोलायचं नाही. मग उत्तरं लगेच सांगा आणि ज्याची त्याने वेगळ्या रंगाच्या पेनने दुरुस्ती करावी. दुरुस्ती उद्यावर ढकलली तर चुकीचं उत्तर तसंच राहून जाण्याची भीती असते. गुण द्यायचे नाहीत, वह्या गोळा करायच्या नाहीत. गुण आले की शेजारच्या वहीत डोकावणं सुरू होतं, आणि मग आठवण्याचे कष्ट एकच मूल घेतं.

सगळ्यात जास्त फसतं ते इथे: ‘आठवतंय ना रे?’ असं विचारलं की ‘हो बाई!’ चा गजर होतो आणि उत्तर पहिल्या बाकावरची पाच-सहा मुलं देतात. म्हणून आधी सगळ्यांनी लिहायचं, नाव नंतर पुकारायचं. पर्यायी प्रश्न असेल तर उत्तराचा क्रमांक बोटांनी, छातीशी धरून दाखवायला सांगा. हात डोक्यावर गेला की मागचे बघून बोटं बदलतात. एका नजरेत कळतं की किती जणांना जमलं. निम्म्यांहून कमी असतील तर तो भाग पुन्हा शिकवावा लागेल, नुसतं विचारत राहून भागणार नाही. जवळजवळ सगळ्यांना जमत असेल तर तो प्रश्न पंधरवडाभर बाजूला ठेवा.

प्रश्न नुसते व्याख्यांचे नकोत. ‘दाब म्हणजे काय’ पाठ करून येतं. ‘दप्तराचा पट्टा रुंद केला की खांदा कमी का दुखतो?’ याला क्षेत्रफळ आठवावं लागतं. किंवा क्लोरीनचा अणुअंक १७ देऊन संयुजा (बंध होताना अणू किती इलेक्ट्रॉन देतो, घेतो किंवा वाटून घेतो तो आकडा) विचारा. बरीच मुलं इलेक्ट्रॉन २, ८, ७ असे बरोबर मांडतात आणि संयुजा १ ऐवजी ७ लिहितात, कारण शेवटचा आकडा उचलायची सवय सोडियमच्या २, ८, १ मध्ये खपून गेलेली असते. ‘चूक’ म्हणून पुढे जाऊ नका. अष्टक (बाहेरच्या कक्षेतले आठ इलेक्ट्रॉन) पूर्ण व्हायला आणखी किती इलेक्ट्रॉन हवेत, एवढंच विचारा. सोडियम आणि क्लोरीन एकाच दिवशी शेजारी-शेजारी द्या, फरक तिथेच उघडा पडतो.

किती दिवसांनी विचारायचं? सेपेडा आणि सहकाऱ्यांच्या २००८ च्या अभ्यासानुसार योग्य अंतर हे किती काळ लक्षात ठेवायचं त्यावर ठरतं. आठवड्यासाठी त्या काळाच्या २० ते ४० टक्के, वर्षासाठी ५ ते १० टक्के. जुलैच्या सुरुवातीला ‘बल व दाब’ झाला आणि सत्र परीक्षा ऑक्टोबरमध्ये असेल, तर दोनेक आठवड्यांच्या अंतराने विचारत राहा. गणपतीच्या सुट्टीनंतरचा पहिला दिवस यासाठी उत्तम. मुलं कुरकुरतील, थोडं विसरलेली असतील, आणि तेच हवंय. धड्यांची नावं एका कागदावर लिहून समोर विचारल्याची तारीख टाकत गेलात की हिशेब डोक्यात ठेवावा लागत नाही.

नवा भाग शिकवतानाचं एक पथ्य. एका वेळी मनात साधारण चारच गोष्टी मावतात. कोवन यांनी २००१ मध्ये मांडलेला हा आकडा आहे. त्यामुळे मुलं फळ्यावरून उतरवून घेत असताना बोलू नका. पेशीच्या आकृतीत १, २, ३ लिहून नावांची यादी बाजूला देण्यापेक्षा नावं भागांवरच लिहा. नजर इकडून तिकडे नाचवण्यात ती चार घरं भरून जातात.

झोपेबद्दल शिक्षकाच्या हातात फार काही नसतं. राज्य सरकारने २०२४ मध्ये सकाळी नऊच्या आधी शाळा नको म्हटलं ते चौथीपर्यंतच्या वर्गांसाठी. आठवीची मुलं सकाळच्या सत्राला सातला हजर असतात, आदल्या रात्री क्लासहून उशिरा आलेली. या वयाला आठ ते दहा तास झोप लागते आणि दिवसा शिकलेलं पक्कं होण्यात झोपेचा मोठा वाटा असतो. पालकसभेत हे आकड्यासकट सांगा. आणि वेळापत्रक बनवताना शब्द चालत असेल तर अणूची रचना, रासायनिक बंध असले जड धडे पहिल्या तासाला येणार नाहीत असं बघा.