पहिल्यांदा स्की शिकायचं असेल तर देशाआधी शाळा निवडा

तुम्ही नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हनहून कार्निव्हलच्या सुट्टीत निघणार. मुलं 6 आणि 10 वर्षांची, डच शाळेत जाणारी. घरातलं कुणीही आजवर स्कीवर उभं राहिलेलं नाही, आणि नाशिकहून आलेले आई-बाबाही सोबत. फ्रान्स, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड की इटली, असं तुम्ही विचारलंय. मी ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकजवळ राहते, माझी मुलं इथेच स्की शिकली, बाकीच्या देशांतही आम्ही जाऊन आलो. तुमच्या घरासाठी माझं उत्तर ऑस्ट्रिया, आणि त्यातही झेफेल्ड हे गाव.

तुम्ही पाठवलेल्या तक्त्यात प्रत्येक ठिकाणच्या उतारांचे किलोमीटर मांडलेत. फ्रान्सच्या त्र्वा व्हालेचे 600, इटलीच्या डोलोमिटी सुपरस्कीचे 1200. तो रकाना सरळ खोडून टाका. पहिल्या आठवड्यात तुम्ही सगळे दोन-तीनशे मीटरच्या एका सपाटशा उतारावर असणार. मोठ्या भागांत प्रौढांचा दिवसाचा पास आता 70 युरोंच्या पुढे गेलाय, आणि तो पहिले तीन दिवस तुमच्या खिशातच पडून राहील. त्याऐवजी चार गोष्टी विचारा. सरावाचा उतार गावातच आहे की गोंडोलाने (दोरावरून जाणाऱ्या पाळण्याने) वर जावं लागतं? त्यावर सरकता पट्टा आहे की दांड्याला धरून वर जायची लिफ्ट? (दांड्याची लिफ्ट नवख्या माणसाला उतरण्यापेक्षा जास्त रडवते.) त्या उतारासाठी वेगळं स्वस्त तिकीट मिळतं का? आणि मुलांचा वर्ग दिवसभर असतो की फक्त सकाळी?

शेवटचा प्रश्न तुमच्यासाठी सर्वांत महत्त्वाचा. ऑस्ट्रियात मुलांचा वर्ग सहसा दहा ते बारा आणि मग एक ते तीन असतो, मधल्या वेळेत शाळाच मुलांना जेवायला नेते. फ्रान्समध्ये बऱ्याच ठिकाणी गटाचा वर्ग अर्ध्या दिवसाचा, म्हणजे दुपारी मुलं तुमच्या ताब्यात आणि तुमचं स्वतःचं शिकणं थांबलं. इटलीतही सकाळचेच वर्ग जास्त. आई-वडील दोघंही नवशिके असले की हा फरक सगळा आठवडा ठरवतो.

आता शिक्षकांबद्दल, कारण पदविका जितकी मोठी तितका शिक्षक मुलांसाठी चांगला, असा मोठा गैरसमज आहे. फ्रान्समध्ये स्की शिकवायला सरकारी पदविका लागते. तिच्यात युरोटेस्ट नावाची वेळ लावून घेतलेली जायंट स्लॅलम (खांबांमधून वळत उतरायची शर्यत) पार करावी लागते, आणि पूर्ण शिक्षक व्हायला काही वर्षं जातात. ऑस्ट्रियात पहिल्या पायरीचा अभ्यासक्रम काही दिवसांचाच. तो झाला की शाळेच्या देखरेखीखाली नवशिक्यांना शिकवता येतं. त्यामुळे लाल जॅकेटातला फ्रेंच शिक्षक स्वतः कितीतरी सरस स्कीअर असण्याची शक्यता भरपूर. पण 6 वर्षांच्या मुलाला पहिल्या चार दिवसांत जे हवं असतं ते वेगळंच: पडल्यावर उचलणारा, शू लागली हे ओळखणारा आणि त्याच्या भाषेत बोलणारा माणूस. ऑस्ट्रियाच्या स्की-शाळांत डच तरुण-तरुणी मोठ्या संख्येने शिकवतात. तुमच्या मुलांना डच शिक्षक मिळू शकतो, आणि हा फायदा कुठल्याच पदविकेने भरून निघत नाही. नोंदणी करतानाच तसं लिहून मागा.

शिकवण्याचा क्रम आता सगळीकडे जवळजवळ सारखाच आहे. आधी स्कीची पुढची टोकं जवळ आणून वेग कमी करायचा, मग त्याच स्थितीत वळायचं, मग हळूहळू दोन्ही स्की समांतर. ही घडी बसवण्यात ऑस्ट्रियातल्या सेंट अँटनच्या हानेस श्नायडरचा वाटा फार मोठा, त्याची स्की-शाळा 1921 ची. (तरीही सेंट अँटनला आत्ता जाऊ नका, तिथले उतार नवशिक्यांचे नाहीत.) वेगळेपण मुलांना पुढे ढकलण्याच्या पद्धतीत दिसतं. फ्रान्समध्ये पिऊ पिऊ, उर्सों, फ्लोकों आणि मग तारे, अशी बिल्ल्यांची शिडी असते आणि मुलांचं सगळं लक्ष आठवड्याअखेरच्या परीक्षेवर. स्वित्झर्लंडमध्ये निळा राजपुत्र, निळा राजा, निळा तारा, मग तेच लाल आणि काळ्या रंगात. ऑस्ट्रियात शेवटी शर्यत होते आणि प्रत्येकाच्या गळ्यात पदक पडतं. लाजऱ्या मुलाला हा शेवटचा प्रकार मानवतो. स्पर्धेची आवड असलेलं दहा वर्षांचं मूल मात्र फ्रेंच ताऱ्यांमागे वेड्यासारखं धावतं. तुमची मोठी तशी असेल तर दोन वर्षांनी जरूर फ्रान्सला न्या. व्हाल थोरान्स गावच 2300 मीटरवर, बर्फाची काळजी कमी.

स्वित्झर्लंड सुंदर आहे, शिकवतात उत्तम, पण पाच-सहा दिवसांचा वर्ग, भाड्याचं सामान आणि रोजचं बाहेरचं जेवण यात खर्च झपाट्याने वाढतो. बल्गेरियातलं बान्स्को सगळ्यांत स्वस्तात पडतं, पण सकाळी गोंडोलाची रांग मुलांचा जीव काढते. अँडोराचा विचार सोडा: तो शेंगेनमध्ये (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात) नाही, आई-बाबांचा व्हिसा एकाच प्रवेशाचा असेल तर परतताना अडचण.

आई-बाबांसाठीच मी झेफेल्ड म्हणते. उंच बांधलेल्या फ्रेंच वसाहतींत स्की न करणाऱ्या माणसाला करण्यासारखं फार कमी असतं. झेफेल्ड 1200 मीटरवरचं पठार आहे, 1964 आणि 1976 च्या ऑलिंपिकमधल्या नॉर्डिक (लांब अंतराची स्की, स्की-उडी वगैरे) शर्यती तिथे झाल्या. बर्फ दाबून केलेल्या चालायच्या वाटा भरपूर, गाव सपाट, आणि रेल्वे थेट गावात येते. गाइगेनब्यूल आणि ग्श्वांड्टकोफ हे सोपे उतार गावाला लागूनच आहेत, त्यामुळे आजी-आजोबांना नातवंडं शिकताना बघता येतात. इटलीतलं आल्पे दि सिउसी याच तोडीचं, ऊनही जास्त, फक्त तुम्हाला गाडीने आणखी लांब पडेल.

शाकाहारी असाल तर केझश्पेट्झले (चीज घातलेले जाडसर नूडल्स) मिळतं, गेर्मक्न्योडेल आणि कायझरश्मार्न या गोड पदार्थांवर मुलं खूश असतात. केझश्पेट्झलेत डुकराचं मांस घालत नाहीत ना, एवढं विचारा. स्वयंपाकघर असलेलं घर घ्या. चार तास उतारावर काढून आल्यावर वरण-भातासारखं काही नाही.

विमा मात्र निघण्याआधीच करा. डच प्रवासविम्यात हिवाळी खेळांचं संरक्षण सहसा वेगळं घ्यावं लागतं, आणि डोंगरातून हेलिकॉप्टरने खाली आणण्याचा खर्च युरोपीय आरोग्यकार्डावर मिळत नाही. इटलीला गेलात तर दुसऱ्याला झालेल्या इजेचा विमा उतारावर 2022 पासून सक्तीचा आहे. आई-बाबांच्या भारतातल्या पॉलिसीत बर्फावरची घसरगाडी चालते का तेही पाहून घ्या, आजोबा नातवाबरोबर बसणारच.

गाडीने जाणार असाल तर ऑस्ट्रियात 1 नोव्हेंबर ते 15 एप्रिल बर्फाळ रस्त्यांवर हिवाळी टायर लागतात. शनिवारी वाटेतल्या फेर्नपास घाटात गाड्या तासन्‌तास अडकतात, जमलं तर शुक्रवारी रात्री निघा किंवा जर्मनीतल्या गार्मिशवरून या.

आणि जानेवारीत नेदरलँड्समधल्याच लांडग्राफच्या स्नोवर्ल्डमध्ये, म्हणजे छताखालच्या बर्फाच्या उतारावर, चौघं दोन-तीन तास शिकून घ्या. बूट घालणं, पडून उठणं आणि थांबणं एवढं तिथे जमलं तर झेफेल्डचा पहिला दिवस वाया जात नाही. कार्निव्हलच्या आठवड्यात मुलांचे गट लवकर भरतात, म्हणून आधी स्की-शाळेत जागा घ्या, ती पक्की झाली की मगच घर बघा.